परतीचं तिकीट कोणी काढायचं?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. श्रीवर्धनात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, घाई चालली होती. बाईंच्या मागच्या अंगणात सोललेली रोठा सुपारी पोत्यांत भरली जात होती आणि पडवीत लाकडं रचली जात होती. मी पुण्याहून चार दिवसांसाठी गावी आले होते. आल्या आल्या बाईंचा निरोप आला, "लॅपटॉप घेऊन ये. मोबाइलवर अक्षरं बारीक दिसतात." बाईंनी मला आठवी ते दहावी भूगोल शिकवला. त्यांचा निरोप आला की आजही माझी पाठ आपोआप ताठ होते.

काम म्हटलं तर साधं होतं, विमानाची तिकिटं काढायची होती. बाईंची मुलगी न्यू जर्सीत असते. बाई तिच्याकडे दोनदा जाऊन आल्या आहेत आणि अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा त्यांच्या पासपोर्टात आहे. या वेळी मात्र त्यांना विमानाने फक्त बार्सिलोनापर्यंत जायचं होतं. तिथून पुढे नोव्हेंबरात निघणारं प्रवासी जहाज. जिब्राल्टरमधून बाहेर पडायचं, कॅनरी बेटांना लागायचं, मग आठवडाभर नुसतं पाणी, त्यानंतर सेंट मार्टिन आणि शेवटी फ्लोरिडा. जहाजावरच्या खोलीचे आगाऊ पैसेसुद्धा भरून झाले होते.

पडद्यावर तीन पर्याय होते : जाऊन-येऊन, एकेरी, मल्टी-सिटी.

"एकेरी," बाई म्हणाल्या.

त्याच वेळी भाई पंपाचा पाना मागायला ओटीवर आले. भाईंची वाडी बाईंच्या वाडीला लागून आहे, मध्ये फक्त एक गडगा. एकतीस वर्षं जहाजावर इंजिनरूममध्ये काढली, वायपर म्हणून चढले आणि मोटरमन म्हणून उतरले. त्यांची तिन्ही मुलं बाईंच्या हाताखाली शिकली, म्हणून तेही त्यांना बाईच म्हणतात. पाना राहिला बाजूला, भाई खुर्ची ओढून बसले. पुढचे दोन तास काय बोलणं झालं ते, आठवतं तसं, खाली देते आहे.

भाई : एकेरी? का बाई, परत यायचं नाही का?

बाई : जहाज निघतं बार्सिलोनाहून आणि थांबतं फ्लोरिडाला. ते मला बार्सिलोनाला परत आणून सोडणार नाही. मग तिथलं परतीचं तिकीट घेऊन मी काय करू? लोणचं घालू?

भाई : मी बार्सिलोनाचं म्हणत नाही. अमेरिकेतून घरी यायचं म्हणतोय.

बाई : ते तिकडे गेल्यावर बघू. आणि हे तुम्ही सांगताय? एकतीस वर्षं तुम्ही एकेरी तिकिटावरच गेलात की.

भाई : गेलो. म्हणूनच सांगतो. जॉइनिंगचं तिकीट एकेरीच असतं, कारण माणूस कुठे उतरणार हे कंपनीलाही ठाऊक नसतं. चढलो रॉटरडॅमला, उतरलो सांतोसला. पण त्या एका तिकिटामागे किती कागद असायचे? सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, कराराची प्रत, एजंटाचं पत्र. विमान कंपनीकडे आधी 'ओके टू बोर्ड' पोचलेलं असायचं. ते नसलं तर मुंबईच्या काउंटरवरनंच घरी. भाडंही निराळं, मरीन फेअर. सामान जास्त नेता येतं, तारीख हलली तरी पैसे बुडत नाहीत, कारण जहाजाची तारीख हलायचीच. ते भाडं तुम्हाला कोण देणार?

बाई : नाही दिलं तर नाही. मी जास्त भरीन.

भाई : पैशाचं बोलतच नाही मी. माझं तिकीट एकेरी दिसायचं बाई, पण परतीचं तिकीट मालकाच्या गळ्यात बांधलेलं होतं. त्याला कायदाच आहे. २००६ चा मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन २०१३ पासून लागू झाला, भारताने २०१५ मध्ये मान्य केला. करार संपला, माणूस आजारी पडला, जहाज विकलं, काहीही होवो, खलाशाला त्याच्या घरी पोचवायचं ते मालकाने, मालकाच्या खर्चाने. आणि बारा महिने भरायच्या आत. आता मला सांगा, तुम्हाला घरी पोचवायला कोण बांधलेलं आहे?

बाई : मी स्वतः.

भाई : हां. तेच तर म्हणतो. मग जो बांधलेला आहे त्यानेच तिकीट काढायचं, आणि आधी काढायचं.

इथे मी मध्ये पडून एक गोष्ट करून पाहिली. मुंबई ते बार्सिलोना एकेरी भाडं काढलं, मग त्याच तारखेचं जाऊन-येऊनचं काढलं. एका जुन्या, मोठ्या विमान कंपनीचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे निघाले. बाईंना वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. चुकलं नव्हतं. लांब पल्ल्याच्या जुन्या कंपन्या एकेरी भाडं म्हणजे दुहेरीचं निम्मं असा हिशेब ठेवत नाहीत. परतीची तारीख ठरवून जाणारा सहलीचा प्रवासी वेगळ्या खान्यात, आणि ऐनवेळी एकीकडेच जाणारा, बहुधा कंपनीच्या पैशाने जाणारा, वेगळ्या खान्यात. दुसऱ्याकडून जास्त घ्यायचे, ही जुनी रीत. कमी दराच्या कंपन्यांनी ती मोडली, ते प्रत्येक टप्पा सुटा विकतात. पण सुटे टप्पे जोडत गेलं की एक विमान चुकलं तर पुढच्याची जबाबदारी कोणी घेत नाही. शिवाय मधल्या विमानतळावर सामान उचलून पुन्हा द्यायचं, त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो.

भाई : मग सोपं आहे. जाऊन-येऊन काढा, येणं टाकून द्या. पुष्कळ लोक करतात.

बाई : विमान कंपनीच्या नियमात बसतं का ते?

मी : नाही बसत. येतानाचा टप्पा सोडला तर सहसा काही होत नाही. जातानाचा सोडला तर मात्र पुढचं सगळं तिकीट आपोआप रद्द होतं.

बाई : मग नको. शिवाय स्पेनच्या व्हिसाच्या अर्जात मी काय दाखवू? बार्सिलोनाहून परत येणार म्हणून? येणारच नाही तर लिहायचं कसं? शाळेत मुलांचे दाखले लिहिताना कधी एक तारीख खोटी टाकली नाही, आता म्हातारपणी टाकू?

भाई : बरं, मग काउंटरवरची मुलगी विचारेल, "मॅडम, रिटर्न तिकीट?" तेव्हा काय सांगाल?

हा प्रश्न भाईंनी नुसता चिडवायला विचारला नव्हता. योग्य कागद नसलेला प्रवासी विमान कंपनीने नेला आणि पलीकडच्या देशाने त्याला उतरू दिलं नाही, तर दंड कंपनीला बसतो आणि त्याला परतही तिनेच आणायचं असतं. म्हणून काउंटरवरचा माणूस पोलिसाहूनही बारकाईने बघतो.

बाई : जहाजाचं तिकीट दाखवीन. युरोपातून मी कशी बाहेर पडणार त्याचा पुरावा तोच. पुढे कुठे जाणार, त्यासाठी अमेरिकेचा व्हिसा. दोन्ही छापून, दोन-दोन प्रती, एक पर्समध्ये आणि एक बॅगेत.

भाई : शेंगेनचा, म्हणजे युरोपचा, व्हिसा सिंगल एंट्री घेताय की डबल?

बाई : (माझ्याकडे बघून) यात काय फरक?

भाई : फरक असा. बार्सिलोना स्पेनचं, कॅनरी बेटंही स्पेनचीच. जहाज सरळ गेलं तर एक एंट्री पुरे. पण मध्ये टँजिअरला, म्हणजे मोरोक्कोत, लागलं तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात. कॅनरीला परत आत. सिंगल असेल तर तिथे गोची. जहाजाचा रस्ता हातात घेऊन व्हिसाचा फॉर्म भरायचा, बाई. आणि जहाजाच्या आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी पोचायचं. माझं एकदा झालंय. विमानाला उशीर झाला, बंदरावर पोचलो तर जहाज गेलेलं. एजंटाने हॉटेलात ठेवलं आणि पुढच्या बंदरात चढवलं. मला एजंट होता. तुमचं जहाज सुटलं तर पुढचं बंदर कॅनरी, तिथे आपल्या पैशाने, आपल्या हिमतीने. त्यानंतरचं बंदर समुद्राच्या पलीकडे.

बाई वहीत लिहून घेत होत्या. "डबल एंट्री, मोरोक्को बघणे. दोन दिवस आधी." माझ्या वहीत असं लाल शाईने लिहिणाऱ्या बाईंना कोणाचं ऐकून लिहिताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

भाई : एवढा खटाटोप कशासाठी? मी अटलांटिक सतरा वेळा ओलांडला. एकदाही बघितला नाही.

बाई : म्हणजे?

भाई : पाण्याच्या खालीच होतो ना. इंजिनरूमला कुठे खिडकी असते? ड्यूटी संपवून वर आलो की रात्र नाहीतर झोप. पाणी म्हणजे पाणीच बाई, जीवना बंदरावर बसलात तरी तेच आहे.

बाई : मी तेहतीस वर्षं व्यापारी वारे फळ्यावर काढले. निळ्या खडूने बाण. या बाणावर एकदा उभं राहायचंय मला. कोलंबस सप्टेंबर १४९२ मध्ये कॅनरीतल्या गोमेराहून निघाला, १२ ऑक्टोबरला जमीन दिसली. त्याला त्या वाऱ्याने नेलं. माझंही जहाज तोच रस्ता धरणार.

भाई : जहाजाला वारा कशाला लागतो आता?

बाई : वारा नको, ऋतू लागतो. ही जहाजं उन्हाळाभर भूमध्य समुद्रात फिरतात. हिवाळ्यात तिकडे गार, कॅरिबियनला ऊबदार. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळी पश्चिमेला निघतात आणि वसंतात परत पूर्वेला. दिवाळीनंतर धनगर घाट उतरून आपल्याकडे येतात ना मेंढरं घेऊन, तसंच. जहाज रिकामं न्यायचं तरी तेल जळणारच, मग वाटेत माणसं घ्यायची. बंदरं कमी, समुद्रावरचे दिवस जास्त, म्हणून दिवसाचा दर कमी. आणि म्हणूनच ही सफर एकेरी. ती विकणाऱ्याची युक्ती नाही भाई, तो समुद्राचा स्वभाव आहे.

भाई : समुद्राचा?

बाई : कोलंबस ज्या वाटेने गेला त्या वाटेने परत आला का? नाही. वारा तोंडावर आला असता. तो उत्तरेला चढला, पश्चिमी वारे धरले आणि अझोर बेटांवरून घरी गेला. अटलांटिकात जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा. आपल्या अरबी समुद्रात रस्ता तोच, पण वारा बदलायची वाट बघायची. नैर्ऋत्य मोसमीवर अरबस्तानातली गलबतं इकडे यायची, ईशान्य मोसमीवर परत जायची. शिडांच्या काळात जाऊन-येऊनचं तिकीट नव्हतंच कोणाकडे.

भाई क्षणभर गप्प झाले. हा मुद्दा त्यांना आवडला असावा, पण कबूल करायचा नव्हता.

बाई : आणखी एक ऐका. बार्सिलोना ते फ्लोरिडा घड्याळात सहा तासांचा फरक. पश्चिमेला जाताना जहाज रात्री एक-एक तास घड्याळ मागे घेतं. म्हणजे सहा दिवस पंचवीस तासांचे. विमानात हेच तास एका रात्रीत डोक्यावर आदळतात, जहाजावर रोज एक तास जास्त झोप. पंधरा रेखांशांना एक तास, हे मी पाठ करून घेतलं मुलांकडून. हिला विचारा.

मी : झालंय पाठ.

बाई : आणि सेंट मार्टिन. आपलं श्रीवर्धन अठरा अंश उत्तरेला, थोडंसं इकडे-तिकडे. सेंट मार्टिनचं फिलिप्सबर्गही अठरावरच. मध्ये एकशे छत्तीस रेखांश. म्हणजे एकाच तारखेला, दुपारी सूर्य डोक्यावर असताना, आपल्या वाडीतल्या पोफळीची सावली तिच्या उंचीच्या मानाने जेवढी, तेवढीच तिथल्या माडाची. मला ती सावली बघायचीय. बस.

भाई : सावली बघायला एवढे पैसे!

बाई : तुम्हाला सतरा वेळा फुकट नेलं, तुम्ही बघितलं नाहीत. मी पैसे भरून बघते.

यावर भाई खळखळून हसले. मला वाटलं वाद मिटला. पण एकेरीचं बटण तसंच होतं.

बाई : आणि एकेरी जाणाऱ्यांचं काही वाईट झालं नाही हो. आपल्या गावातनं एकेरी गेलेला पहिला मोठा माणूस कोण? बाळाजी विश्वनाथ भट. सिद्दीच्या जाचाने देशावर गेला आणि १७१३ मध्ये पेशवा झाला.

भाई : परत आला का?

बाई : ...

भाई : परत आला तो पुतळा होऊन. आहे बघा स्मारकात.

बाई : बरं, आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ ला कोलकात्याहून नवऱ्याशिवाय निघाल्या, वय अठरा. इंग्लंडमार्गे अटलांटिक ओलांडून ४ जूनला न्यूयॉर्क. परतीचं काय होतं हातात?

भाई : त्या परत आल्या?

बाई : १८८६ च्या नोव्हेंबरात आल्या. डॉक्टर होऊन. (जरा थांबून) फेब्रुवारीत गेल्या. क्षयाने.

भाई : बाई, तुम्ही नावं घेताय ती सगळी माझ्या बाजूची आहेत.

बाई : मग पंडिता रमाबाई घ्या. आनंदीबाईंच्या पदवीदानाला १८८६ मध्ये इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून अमेरिकेला गेल्या. तीनेक वर्षं तिथे व्याख्यानं देत फिरल्या, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. आणि आल्या त्या वाटेने परत गेल्याच नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक ओलांडला, जपानला उतरल्या आणि १८८९ च्या सुरुवातीला मुंबई. पृथ्वी गोल आहे हे मी फळ्यावर शिकवलं, त्यांनी चालून दाखवलं. एक एकेरी, मग दुसरं एकेरी, मग तिसरं. शेवटी घर.

भाई : त्यांची वाट बघणारं काम होतं ना इथे? शाळा काढायची होती.

बाई : होतं. आल्या आल्या मुंबईत शारदा सदन काढलं.

भाई : मग तेच त्यांचं परतीचं तिकीट.

बाईंनी उत्तर दिलं नाही. आतून चहा आला. भाईंनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

भाई : बाई, माझा धाकटा २०२० मध्ये प्रवासी जहाजावर होता. तुम्हाला ठाऊक आहे. मार्चमध्ये सगळे प्रवासी उतरवले, स्टाफ तसाच. करार संपलेला, पगार बंद, बंदर घेत नाही, विमान नाही. त्याच्या जागी येणारा रिलीव्हर इथेच अडकलेला. रिलीव्हर चढल्याशिवाय साईन-ऑफ कसा होणार? त्या वर्षी जगभरात चार लाख खलाशी असे करार संपूनही जहाजावर अडकले होते. कायदा होता, मालक बांधलेला होता, तरी.

बाई : आठवतं.

भाई : आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. तुमची वाडी झोपली, माझी झोपली. वीज गेली, टॉवर पडले. पोरगा कुठल्या समुद्रात आहे ते मला कळेना आणि बाप जिवंत आहे का ते त्याला कळेना. कोणीतरी म्हसळ्याला जाऊन फोन लावला तेव्हा कळलं. तेव्हापासून मला एकेरी हा शब्दच सहन होत नाही. तुम्ही म्हणता समुद्राचा स्वभाव. असेल. पण परतीची हमी ज्याने घेतली होती त्यालाही माणूस आणता आला नाही, तिथे तुम्ही हमीच घेत नाही.

ओटीवर थोडा वेळ फक्त सुपारीचा आवाज होता, पोत्यात पडणारी.

बाई : भाई, माझ्या पोफळी त्या दिवशी सगळ्या आडव्या झाल्या. सासऱ्यांनी लावलेल्या. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. त्रेसष्टाव्या वर्षी मी परत रोपं लावली, लोक हसले. लेक म्हणाली, आई, कशाला? वीक आणि इकडे ये कायमची. अजूनही म्हणते. यंदा पहिली बरी सुपारी आली, ही बघा. जहाजाचे पैसे त्यातून अर्धे. मी एकेरी म्हटलं ते जहाजामुळे, हे खरं. पण तेवढ्यामुळेच नाही. तिकडे गेल्यावर मन काय म्हणेल ते मला आत्ता सांगता येत नाही. परतीची तारीख टाकली की लेकीला वाटेल आई ठरवूनच आली. नाही टाकली की तुम्हाला वाटेल...

भाई : मला काय वाटतं ते सोडा.

बाई : कसं सोडू? गडग्यापलीकडे तुम्हीच आहात.

गावात फिरताना दिसतं, दर चार घरांत एक कुलूप लावलेलं. कोणी मुंबईला, कोणी आखातात, कोणी त्याहून पुढे. ही घरं कोणी एका दिवशी ठरवून बंद केली नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात येऊ म्हणून गेलेली माणसं आहेत ती. भाई एकेरीला घाबरत होते ते एकट्या समुद्रामुळे नव्हे, हे मला तेव्हा कळलं.

मी तिसरं बटण दाबलं, मल्टी-सिटी. पहिला टप्पा मुंबई ते बार्सिलोना. दुसरा लेकीच्या न्यू जर्सीतल्या न्यूअर्कहून मुंबई, तारीख रिकामी. एकच तिकीट, एकच कंपनी, आणि मधला बार्सिलोना ते न्यूअर्क हा भाग तिकिटात नाहीच.

मी : विमानवाल्यांच्या भाषेत याला ओपन जॉ म्हणतात. उघडा जबडा. तुम्ही एका गावी उतरता, दुसऱ्या गावाहून चढता, मधलं कसं पार केलंत याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. भाडं मात्र सहसा जाऊन-येऊनच्या हिशेबाने लावतात, दोन एकेरींच्या नाही.

आकडा आला. दोन सुट्या एकेरींपेक्षा तो बराच खाली होता. फ्लोरिडा ते न्यूअर्क तेवढं एकेरी, सुटं काढायचं. अमेरिकेच्या आतल्या उड्डाणांत बहुधा एकेरी म्हणजे एकेरीचंच भाडं, तिथे तोटा नाही.

भाई : (पडद्याकडे बघत) म्हणजे जबड्यात अख्खा अटलांटिक.

बाई : आणि त्यात मी.

भाई : हे बरंय. पण तारीख टाका. फ्लोरिडात उतरल्यावर इमिग्रेशनचा साहेब विचारू शकतो, परत कधी जाणार. खलाशाच्या वतीने एजंट बोलतो, तुम्हाला तुम्हीच बोलायचं. आणि विम्यात जहाजाचे दिवस धरलेत ना बघा. शेंगेनसाठी तीस हजार युरोचा लागतो, तो घ्याल, पण तो युरोपपुरता. समुद्रावर दुखलंखुपलं तर खलाशाचं बिल मालक भरतो, प्रवाशाचं प्रवासी.

बाईंनी तेही लिहून घेतलं. मग पेन्सिल तोंडात धरून कॅलेंडरकडे बघत बसल्या. मी तारखा वाचत गेले. जानेवारी? नको, थंडीच बघितली म्हणतील. मार्च? तेव्हा नातीची परीक्षा. मुक्काम साधारण सहा महिन्यांचा मिळतो, म्हणजे मेच्या पुढे जाता येत नाही.

बाई : माझी आई सांगायची, मुंबईची आगबोट पावसाळ्यात बंद व्हायची. बोट खोल पाण्यात थांबणार, पडावातून किनाऱ्याला यायचं, ते पावसात कसं जमणार? म्हणून चाकरमानी काहीही करून आगोटीच्या आत घरी. नाही आला तर थेट दर्या शांत होईपर्यंत नाही. घरची बाई कॅलेंडर बघायची नाही, बोट कधी बंद होणार ते विचारायची.

भाई : आता कुठे आहे आगबोट?

बाई : बोट नसली म्हणून ऋतू थोडाच गेला? मघाशी मीच म्हटलं, शिडाच्या काळात परतीचं तिकीट नव्हतं. चुकलंच माझं. तिकीट होतं. ते ऋतू काढायचा.

मेचा दुसरा आठवडा ठरला. मी तारीख भरली. थोडे पैसे जास्त घालून तारीख बदलता येईल असं भाडं घेतलं. त्यावर दोघांनीही हरकत घेतली नाही, प्रत्येकाने आपापल्या कारणाने.

भाई पाना घेऊन उठले. पायरीवर थांबले.

भाई : नोव्हेंबर ते मे वाडीला पाणी कोण देणार? ऐन शिंपण्याचे दिवस. नव्या पोफळी आहेत, चार दिवस पाळी चुकली तर माना टाकतील.

बाई : गडी आहे.

भाई : गडी पंप चालू करील. बंद पडला तर? मी देतो पाणी. किल्ली माझ्याकडे ठेवून जा.

बाई : सहा महिने? भाई, तुमच्या गुडघ्यांना...

भाई : सहा महिने म्हणजे करारच झाला. मी साईन-ऑन. पण एक सांगतो, रिलीव्हर आल्याशिवाय साईन-ऑफ होत नाही, हे तुम्हाला मघाशी सांगितलंय. तुम्ही आला नाहीत तर माझी सुटका नाही.

बाई आत गेल्या. लाकडी फळीवरच्या खिळ्यावरून त्यांनी पंपाच्या खोलीची किल्ली काढली. मे महिन्यात ती नोव्हेंबरासाठी द्यायची काही गरज नव्हती. तरी भाईंच्या हातात ठेवली.

मी पैसे भरायचं बटण दाबलं. प्रिंट काढल्यावर बाईंनी ती चष्म्याजवळ धरून तपासली, जशा त्या आमचे नकाशे तपासायच्या. मुंबई, बार्सिलोना, मग एक कोरी ओळ, मग न्यूअर्क, मुंबई. त्या कोऱ्या ओळीत त्यांनी पेन्सिलीने एक बारीक बाण काढला, पूर्वेकडून पश्चिमेकडे.